पाठशाळेच्या फरशीखालचा देव

गोंदियाच्या जुन्या बाजारातील आमच्या संस्कृत पाठशाळेचे सभागृह पहाटे आमचे असते आणि ऊन अंगणात उतरले की विद्यार्थ्यांचे. हा करार कुणी लिहून ठेवलेला नाही. आम्ही मोजके वृद्ध पहाटे सूक्तपठणास बसतो. शेवटचा शांतिपाठ संपत आला की व्हरांड्यात चपलांचा आवाज होऊ लागतो, पाठीवरच्या पिशव्या सागवानी खांबांना टेकतात, आणि आम्ही गुडघ्यांवर हात ठेवून उठेपर्यंत आमच्याच सतरंज्यांवर स्पर्धापरीक्षेची पुस्तके उघडलेली असतात. जेथे पूर्वी ऋचा पाठ होत, तेथे आता राज्यघटनेची कलमे पाठ होतात. त्या पाठांतराचा गुणगुणता स्वर मला ओळखीचाच वाटतो. विद्या कोणतीही असो, कंठात उतरताना ती असाच आवाज करते.

इमारत जुनी आहे. माझ्या गुरुजींनी येथे वेदांची संथा घेतली, त्यांच्याही गुरुजींनी येथेच घेतली. दगडी जोते, वर कौले आणि मध्ये एकच प्रशस्त दालन. काही वर्षांपासून त्या दालनाची मधली फरशी खचत चालली होती. तांब्या ठेवला तर कलंडे, पेन ठेवले तर गडगडत मध्यावर जाऊन थांबे. विद्यार्थी त्या खळग्याला तलाव म्हणत आणि उशिरा येणाऱ्याला तलावात बसवत. अखेर विश्वस्त मंडळाने ठरवले की फरशी उखडून खाली भक्कम पाया घालावा, कौले बदलून नवे दिवे आणि पंखे लावावेत, मुलींसाठी स्वच्छतागृह बांधावे आणि दालन दिवसभरासाठी रीतसर अभ्यासिका म्हणून खुले करावे.

या निर्णयाची वाट सर्वांत अधिक जर कुणी पाहत असेल, तर ती चिचगडकडची एक मुलगी. वडील धानाची शेती करतात, आई हंगामात मोहफुले वेचते. ही फुलचूरला मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहते. खोलीच्या खाली पिठाची गिरणी, ती सकाळपासून सुरू. बाजारात अभ्यासिका आहेत, पण त्या तिच्या आवाक्यातल्या नाहीत. मागच्या परीक्षेत ती थोडक्यात राहिली होती आणि वयाच्या अटीमुळे येणारा उन्हाळा ही तिची शेवटची संधी होती. "गुरुजी, यंदा झालं तं झालं," असे ती हसत म्हणे. हसण्यामागचे वजन मला कळत असे. काम सुरू होताच तिने आणि इतरांनी आपले बस्तान व्हरांड्यात हलवले आणि सारे जण दिवस मोजू लागले.

माघ संपत आला होता. मी व्हरांड्यात त्या मुलीला तिच्या पुस्तकातील षड्दर्शनांचे प्रकरण समजावून देत बसलो होतो. तेवढ्यात आतून कुदळीचा नेहमीचा कोरडा आवाज यायचा थांबला आणि काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

"मडकं फुटलं जी!" एक मजूर ओरडला.

"रुको! कोई हाथ नहीं लगाएगा!" पाठोपाठ ठेकेदाराचा आवाज. मग तो स्वतःच बाहेर धावत आला. हा गृहस्थ कुणाच्याही घरात बूट घालून वावरणारा; त्या दिवशी मात्र बूट हातात घेऊन आला होता. "गुरुजी, जरा अंदर चलिए. मला तर काही समजून नाही राहिलं."

खड्ड्यात एका मोठ्या रांजणाचा वरचा भाग फुटून बाजूला पडला होता. त्याचे तोंड लाखेने घट्ट बंद केलेले होते; ती काळपट लाल लाख अजूनही कडेला चिकटून होती. आणि उरलेल्या खापरांत, जणू कमळाच्या पाकळ्यांत ठेवावे तसे, एक लंबगोल, गुळगुळीत, मधाच्या रंगाचे काहीतरी उभे होते. उंची माझ्या गुडघ्याएवढी. काढलेल्या कौलांच्या जागेतून उन्हाचा एक पट्टा नेमका त्याच्यावर पडला होता आणि ते आतून उजळले होते. असा प्रकाश मी निरंजनाच्या ज्योतीत पाहिला आहे, वस्तूत कधी पाहिला नव्हता. माझे हात आपोआप जोडले गेले. मागे पाहिले तर ती मुलगी, मजूर, ठेकेदार, सर्वांचेच जोडलेले होते.

विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष तासाभरात आले. आमगाव रस्त्यावर त्यांची भाताची गिरणी आहे. सदऱ्यावर कोंड्याची धूळ तशीच होती. गृहस्थ श्रद्धाळू आणि उदार. आपल्या हातून एक देवालय उभे राहावे अशी त्यांच्या दिवंगत वडिलांची इच्छा होती आणि ती पूर्ण न झाल्याची खंत ते दर सभेत बोलून दाखवत. ते खड्ड्याच्या काठावर बसले आणि रडू लागले.

"बाबूजी म्हणत होते गुरुजी, या जागेत काही तरी आहे. स्वयंभू आहे ना हे?"

"शेटजी, आधी नीट पाहू द्या. देव असेल तर त्याला घाई नाही."

"पर मुझे तो है ना, गुरुजी!"

दुपारपर्यंत मोबाइलवरून चित्रे गावभर पोहोचली आणि अंगणात नारळांचा ढीग झाला. अध्यक्षांनी तेथेच जाहीर केले की या ठिकाणी गाभारा होईल, दालनाचा सभामंडप होईल, सोमवारी पहिला अभिषेक होईल. मुलांसाठी दुसरी जागा पाहू.

"कोठं पाहणार जी?" मुलीने विचारले. पण घंटेच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेले नाही.

गर्दी ओसरल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. पुस्तक मिटलेले होते. "गुरुजी, देव आमच्याच फरशीखाली काऊन निघाला? बाजूच्या गोदामाखाली निघाला असता तं त्याचं काय बिघडलं असतं?"

आयुष्यभर मी शंकासमाधान करत आलो आहे. या शंकेला माझ्याजवळ उत्तर नव्हते. देवाला मी प्रार्थना केली ती एवढीच की, मला या मुलीसमोर आणि तुझ्यासमोर, दोन्हीकडे मान वर ठेवता येऊ दे.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवरची ती चित्रे पाहून नागपूरहून पुरातत्त्वाच्या एक अभ्यासक बाई आल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या, बोलण्यात अतिशय मृदू आणि कामात अतिशय हट्टी. त्यांनी कुदळी बंद करवल्या. ब्रश, करण्या आणि चाळण्या बाहेर काढल्या आणि मजुरांना माती कशी उचलायची ते शिकवले. कुदळीने जे एका सकाळी झाले असते ते ब्रशने होण्यास पुढचे सारे दिवस लागले, आणि मला ते पाहण्यात विलक्षण आनंद झाला. एकेक थर हलक्या हाताने बाजूला सारायचा, काढलेल्याची नोंद करायची, मगच पुढे जायचे. ऋचेचे एकेक पद सुटे करून म्हणायचा पदपाठ आम्ही असाच करतो.

हळूहळू फरशीखाली दुसरी जमीन दिसू लागली. पसरट विटांची, नीट बसवलेली. त्या जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण ओळीने उभे होते. बरेचसे फुटून मातीने भरलेले, म्हणूनच आमची फरशी तेथे खचत होती. काहींच्या तोंडांवर लाखेची टोपणे शाबूत. एका कोपऱ्यात दगडी वजने आणि तराजूची गंजलेली दांडी सापडली. बाईंनी ती दांडी तळहातावर घेतली तेव्हा त्यांचा चेहरा सण असल्यासारखा फुलला.

"गुरुजी, इथे कुणीतरी काहीतरी साठवत होते, तोलत होते. तुमच्या इमारतीच्या आधीचे हे. मला वाटते, गोदाम असावे."

अध्यक्ष तेथेच उभे होते. "मॅडम, भगवान का गोदाम नहीं होता."

"शेटजी, मी देवाला काही करणार नाही. पण तपासणी होईपर्यंत त्याला पाणी लागू देऊ नका. एवढेच ऐका."

"देवाला आंघोळ घालायला तुमची परवानगी?"

मी मध्ये पडलो. पूजा गंधफुलांनी आणि अक्षतांनीही होते, जल मनाने अर्पण केले तरी पोहोचते, असे मी सांगितले. शास्त्राने तशी मुभा दिलेली आहे. अध्यक्षांनी मान डोलावली. बाईंनी माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिले. त्या मान डोलावण्यावर जितका विश्वास बाईंनी ठेवला तितका माझ्या पत्नीने ठेवला नाही. घरी जेवताना ती म्हणाली, "त्यांनी मान डोलावली, पण तांब्या चांदीचा काढून ठेवलाय. त्यांच्या घरची कामवाली मला बाजारात भेटली होती."

सोमवारी सभागृह भरून गेले. कौले काढलेली, म्हणून वरून ताडपत्री. उकडू नये म्हणून देवाकडे तोंड करून मोठा पंखा ठेवलेला. बाई मागच्या खोलीत खापरांची मोजमापे घेत होत्या. मी संकल्प सांगितला, गंध लावले, फुले वाहिली. एवढ्यात अध्यक्षांनी शालीखालून चांदीचा तांब्या काढला.

"गुरुजी, थोडंसं. देवाला तहान लागली असेल."

मी हात पुढे करेपर्यंत पाणी ओतून झाले होते. पाठोपाठ दूध, मग मध. मग त्यांनी दोन्ही तळवे त्या सुवर्णवर्ण रूपावर ठेवले, डोळे मिटले आणि जप आरंभला. लोकांनी जयजयकार केला. अध्यक्षांच्या मुखावर इतके समाधान होते की, मला त्यांना थांबवणे जमले नाही. वडिलांची इच्छा पूर्ण होताना कोणता मुलगा असा दिसणार नाही?

जप बराच चालला. पंखा फिरत होता. आणि मला काही गोष्टी दिसू लागल्या. वर वाहिलेले बेलाचे पान घसरत खाली यायचे, ते अर्ध्यावर थांबले होते. गुलाबाच्या पाकळ्या वाऱ्याने उडायला हव्या होत्या; त्या शालीसारख्या अंगभर बसल्या होत्या. एक माशी प्रसादाला आली ती परत गेली नाही. मी अनामिकेने हलकेच स्पर्श केला. बोट मागे घेताना बारीकशी तार आली. त्या तारेसरशी मला विद्यार्थिदशा आठवली. काजळी आणि बाभळीचा डिंक खलून आम्ही शाई करत असू, तेव्हा बोटे अशीच एकमेकांना धरून बसत.

पंचामृताची वाटी घेऊन पत्नी माझ्या शेजारीच बसली होती. तिने स्वतःचे बोट हुंगले आणि माझ्या कानाशी आली.

"अहो, डिंक आहे हा. लाडवांचा."

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. पण शेटजी उठायला लागतील तेव्हा मोठ्याने बोलावं लागेल."

आणि अध्यक्ष उठू लागलेच. म्हणजे खांदे उठले, हात उठले नाहीत. त्यांनी डोळे उघडले.

"गुरुजी! धरलं! देवानं धरलं मला!"

सभागृहात एकच गजर उसळला. कुणी शंख फुंकला, पाठीमागचे लोक मोबाइल उंच धरून पुढच्यांच्या खांद्यांवर चढू लागले. अध्यक्षांच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी वाहू लागले. त्यांनी आणखी एकदा हात ओढून पाहिले. यावेळी चेहऱ्यावरचा भाव जरा निराळा होता.

"गुरुजी," ते पुटपुटले, "सोडत नाही."

बाई धावत आल्या. "पाणी कुणी ओतलं?"

ठेकेदाराने जमिनीकडे पाहत म्हटले, "मॅडम, पाणी नहीं था. तीर्थ था."

"ओढू नका शेटजी! वरचा थर निघून येईल."

"माझ्या हाताचा का याचा?"

"दोन्हींचा."

मी उठून उभा राहिलो आणि लोकांना सांगितले की, अध्यक्षांचा जप अजून चालू आहे, प्रसाद अंगणात वाटला जात आहे, सर्वांनी तेथे चलावे. जपमाळ हातात नसतानाही ते मनात नाम घेत होतेच, याची मला खात्री होती. दालन रिकामे झाले. आत राहिलो अध्यक्ष, बाई, मी, पत्नी, आणि दाराशी ती मुलगी. बाईंना कोमट पाणी हवे होते. मुलगी चहाच्या टपरीवरून किटली भरून घेऊन आली आणि पितळी घंगाळ धरून अध्यक्षांच्या शेजारी बसली. बाईंनी कापसाचा बोळा भिजवून पिळला आणि अध्यक्षांच्या करंगळीपासून सुरुवात केली. एकेक थेंब. एकेक बोट.

"शेटजी, तपासणीनंतर नक्की सांगेन," बाई काम करता करता म्हणाल्या, "पण हा डिंक आहे. रांजणात भरून, लाखेने बंद करून ठेवलेला. इथे डिंकाचे व्यापारी होते, असे सगळे सांगतात. त्यावरून गावाला नाव पडले असेही सांगतात. असा भरलेला रांजण मी तरी कधी पाहिला नव्हता. तुम्हाला कल्पना नाही, केवढी गोष्ट सापडली आहे ही."

अध्यक्षांनी आपल्या चिकटलेल्या तळव्यांवर वाकून वास घेतला.

"गोंद?"

"हो. गोंद."

"मग मी..." त्यांनी आपल्या हातांकडे पाहिले. मला वाटले, आता ते संतापतील अथवा रडतील. पण त्यांचे पोट हलू लागले. "पूरा गोंदिया गोंद के नाम पर, और चिपका कौन? अध्यक्ष!"

पत्नीने पदर तोंडाला लावला. मग तीही हसली, बाई हसल्या, आणि हसताना बोळा हलल्यामुळे अध्यक्ष कळवळले. ते हसू मला फार पवित्र वाटले. ज्याची फजिती झाली तोच पहिला हसला की, मग कुणाला लाज वाटत नाही.

करंगळी सुटली होती. पुढचे बोट अवघड होते, त्यात पुष्कराजाची अंगठी होती.

"शेटजी, एक विचारू जी?" मुलगी म्हणाली.

"विचार बेटी. मी कुठं चाललोय?"

"आमाले दुसरी जागा पाहू म्हणले होते तुमी. कोठं पाहून राहिले?"

अध्यक्षांनी उलट विचारले, "तू कुठं राहतेस?"

"फुलचूरले. खाली गिरणी हाये."

"गिरणीचा आवाज तर चांगला असतो. मला त्याशिवाय झोप येत नाही."

"झोप येते जी. अभ्यास येत नाही."

मग तिने सारे सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता. घंगाळ धरून, नजर पाण्यावर ठेवून, ती सांगत गेली. यंदाची शेवटची परीक्षा, होळीनंतर व्हरांड्यात ऊन कसे भिंतीपर्यंत येते, रेल्वेच्या फलाटावर बसून अभ्यास केला तर लोक कसे बघतात, आई दर फोनवर काय विचारते. अध्यक्ष ऐकत होते. विश्वस्त मंडळाच्या सभेत ते कुणाचेही बोलणे पुरे होऊ देत नाहीत. त्यांना उठून जायची सवय आहे. आज उठता येत नव्हते.

"म्हणजे तू मोठी साहेबीण होणार?"

"अभ्यास झाला तं."

"किती झालाय?"

"विचारून पाहा ना जी. तुमाले बी टाइमपास होईल."

तिने घंगाळ खाली ठेवले, पुस्तक आणले आणि अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर उघडून धरले. हात अडकलेले, चष्मा नाकावरून घसरलेला. पत्नीने तो वर ढकलून दिला. अध्यक्ष प्रश्न वाचू लागले आणि ती उत्तरे देऊ लागली. राज्यपालांचे अधिकार, नद्यांची उगमस्थाने, ग्रामसभेची कामे. एका उत्तरात ती अडखळली तेव्हा बाईंनी बोळा पिळता पिळता हळूच सांगून टाकले.

"मॅडम, कॉपी नाही चालणार!" अध्यक्ष ओरडले.

पुढच्या उत्तरावर त्यांनी स्वतःच शंका घेतली, मागची पाने उलटायला लावली, आणि मुलगीच बरोबर निघाली तेव्हा त्यांनी मला हाक मारून ते सांगितले, जणू ती त्यांचीच शिष्या होती. मी चाळीस वर्षे संथा दिली आहे. ज्याला एकदा प्रश्न विचारण्याची गोडी लागली तो सहजासहजी सुटत नाही, हे मी जाणून होतो. दुसरा तळवा मोकळा झाला तेव्हा बाई म्हणाल्या, "झालं शेटजी." तरी प्रकरणाची उरलेली पाने संपेपर्यंत अध्यक्ष जागचे हलले नाहीत.

मग मात्र त्यांनी आपले लाल झालेले तळवे मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. चेहरा पडलेला होता.

"गुरुजी, खरं सांगा. मी डिंकाची पूजा केली का?"

या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याजवळ होते आणि ते मी पूर्ण श्रद्धेने दिले. मी म्हटले, "नाही शेटजी. तुम्ही देवाचीच पूजा केली. ती डिंकाच्या ठायी केली, एवढेच. आपण मातीचे लिंग करतो, वाळूचे करतो, तांदळाचे, लोण्याचे, गुळाचेसुद्धा करतो. शास्त्र त्याला क्षणिक लिंग म्हणते. भक्ताने बोलावले म्हणून देव तेवढ्यापुरता तेथे येतो, पूजा घेतो. आणि जे पाण्याने विरघळते त्याच्या ठिकाणी देवाला कायमचे बसवता येत नाही. पूजा झाली की त्याच दिवशी त्याला आदराने निरोप द्यायचा असतो. अशा लिंगाला गाभारा नाही शेटजी. निरोप आहे."

"आणि मी गाभारा बांधलाच तर?"

"तर ते देवाला अडकवून ठेवल्यासारखे होईल."

अध्यक्षांनी आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. "अडकणं काय असतं ते आता मला माहीत आहे," ते म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मग विसर्जन तलावात?"

"नाही!" बाई इतक्या जोरात म्हणाल्या की, अंगणातले लोक आत डोकावले.

मी हसून सांगितले की, विसर्जन देवाचे होते, वस्तूचे नव्हे. उत्तरपूजा करून अक्षता वाहिल्या की देव स्वस्थानी जातो. मागे जे उरते ते ज्याचे त्याला द्यावे. पाण्यात निर्माल्य सोडावे म्हणजे रीत पुरी होते. निर्माल्य तर तयारच होते. अध्यक्षांचे हात सोडवताना घंगाळात जे पाणी साठले त्यात पाकळ्या होत्या, बेल होता, दूध होते आणि त्या रांजणातल्या डिंकाचा विरघळलेला अंशही होता. बाईंनीही त्यास हरकत घेतली नाही. एक लहानशी बाटली तेवढी त्यातून भरून घेतली.

अंगणात लोक थांबलेले होते. त्यांना काय सांगावे याची मला चिंता होती. बोलावे कसे याची मी मनात जुळवाजुळव करत असतानाच अध्यक्ष घंगाळ घेऊन जोत्यावर जाऊन उभे राहिले.

"देवानं दर्शन दिलं," ते मोठ्याने म्हणाले. "माझे हात धरले, तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. हात धरून मला बसवलं आणि पोरांचं ऐकायला लावलं. मी ऐकलं, तेव्हा सोडलं. आता गुरुजी देवाला निरोप देतील. इथं गाभारा होणार नाही. इथं अभ्यासिकाच होईल, आणि जे खाली सापडलं ते सगळं या मॅडम गावाला दाखवतील. बोला, हर हर महादेव!"

लोकांनी गजर केला. मी प्रत्येक शब्द तपासून पाहिला आणि मला त्यात असत्य असे काही आढळले नाही.

उत्तरपूजा मी आयुष्यात असंख्य वेळा सांगितली आहे. त्या दिवशी अक्षता मी एकेक करून वाहिल्या. निरोपाचे मंत्र संपले आणि समोरचे ते रूप तसेच उजळलेले राहिले. पण आता ते मधाच्या रंगाचे एक सुंदर द्रव्य होते, आमच्या गावच्या कुण्या विसरलेल्या व्यापाऱ्याने जिवापाड जपून ठेवलेले. बाईंनी ते कापडात गुंडाळले तेव्हा त्यांचे हातही पूजेला बसल्यासारखेच चालत होते. पत्नीने त्यांना विचारले, "तपासून उरला तर लाडवापुरता पाठवाल का?" बाई क्षणभर खरेच गांगरल्या.

पुढचे काम वेळेत झाले नाही. विटांची ती जमीन आणि रांजणांची एक ओळ जागीच जपायची ठरली, पायाचा आराखडा बदलला, त्याच्या मंजुरीला दिवस गेले. तोवर अध्यक्षांनी स्वतःच्या घराचा वरचा मजला विद्यार्थ्यांना उघडून दिला. तेथे गिरणीचा आवाज नाही, पण अध्यक्ष आहेत, अशी तक्रार माझ्याकडे लवकरच आली. चहा पाठवण्याच्या निमित्ताने ते वर येतात, कुणाच्याही हातातले पुस्तक घेतात आणि विचारू लागतात. ज्याचे उत्तर चुकते त्याला जेवायला थांबवून घेतात.

दालन चैत्रात खुले झाले. सपाट, उजेडाचे, आणि मध्यभागी जाड काचेखाली रांजणांची ती ओळ. पहिल्या सकाळी आम्ही पठण संपवून उठलो, तर दारात मुलांच्या आधी अध्यक्ष उभे.

परीक्षा नागपूरला होती. निघण्याच्या दिवशी ती मुलगी पिशवी खांद्यावर घेऊन माझ्या पाया पडायला आली. मी आशीर्वाद दिला. अध्यक्ष काचेजवळच्या खुर्चीत तिचेच जुने पुस्तक घेऊन बसले होते.

"थांब बेटी, एकच प्रश्न."

"कायले जी, पेपर तिथं हाये!"

"तिथं विचारतील ते विचारतील. मी इथं विचारतो. सांग—"

"शेटजी, माझी गाडी लागून राहिली स्टेशनावर!"

"मग चालत चालत सांग," असे म्हणत ते उठले, पुस्तक उघडे धरूनच तिच्या मागोमाग जोत्याच्या पायऱ्या उतरले, आणि रस्त्याच्या वळणापर्यंत मला त्या दोघांचा वाद ऐकू येत राहिला.